खापर आईच्या डोक्यावर

व्याख्यान संपल्यावर चहाच्या टेबलापाशी लोक मनातलं बोलतात. गेल्या हिवाळ्यात एका व्याख्यानमालेत मी बालकुपोषणावर बोलले. आभारप्रदर्शन झालं, चहा आला आणि एक निवृत्त अधिकारी जवळ येऊन म्हणाले, "मॅडम, बोललात छान. पण सगळं गरिबीवर ढकललंत. आदिवासी भागात मी सहा वर्षं काढलीत. पाच रुपयांच्या कुरकुऱ्यांना पैसे असतात, अंड्याला नसतात. गरिबी नाही हो, अज्ञान आहे. आयांना शिकवा, प्रश्न संपला." भोवतीच्या चौघांनी माना डोलावल्या. त्यांत दोघी डॉक्टर होत्या.

हे गृहस्थ दुष्ट नव्हते. सहा वर्षं त्यांनी त्या भागात खरोखर जीव ओतून काम केलं असेल. पण त्यांचं वाक्य आता एकट्या त्यांचं राहिलेलं नाही. सरकारी बैठकांपासून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत ते फिरतं आहे. 'जनजागृतीचा अभाव' असं म्हटलं की बोलणाऱ्याच्या खिशाला तोशीस लागत नाही आणि दोष कुणाचा हेही ठरून जातं. त्या दिवशी कप रिकामा होईपर्यंत माझं उत्तर जमलं नाही. ते आता देते.

कुरकुऱ्यांपासूनच सुरुवात करू. पाड्यावरच्या दुकानात पुड्यांच्या माळा रोज टांगलेल्या असतात, अंडी मात्र आठवडी बाजारात. पुडीला सरपण लागत नाही, पातेलं लागत नाही, ती नासत नाही, आई कामावर असताना मोठं भावंड ती फोडून धाकट्याच्या हातात देऊ शकतं. आणि घरात तीन मुलं असतील तर एकाने अंडं खायचं नि दोघांनी त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं, हे कुठल्या आईला जमेल? पाच माणसांच्या घरात माणशी एक अंडं म्हटलं आणि अंड्याचे सात रुपये धरले, तर दिवसाला 35 रुपये झाले, महिन्याला हजाराच्या वर. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी 2024-25 मध्ये दिवसाला 297 रुपये होती, आणि तीही काम निघालं तर. म्हणजे त्या बाईसमोरची तुलना पाच आणि सात रुपयांची नाहीच, पाच आणि पस्तीसची आहे. साहेबांनी दर बरोबर पाहिला, माणसं मोजायची राहिली.

आता अज्ञानाकडे. मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर मी अंगणवाडीत बसले होते. ताईंनी एका दीड वर्षाच्या मुलाच्या दंडाला मोजपट्टी गुंडाळली. पट्टीचा लाल भाग 11.5 सेंटीमीटरच्या खाली सुरू होतो, आणि बाण लालात गेला होता. त्याची आई बाजूला उकिडवी बसली होती. मी विचारलं, "बाळाला काय काय द्यायचं असतं, माहीत आहे?" तिने पाढे म्हणावेत तसं म्हणून दाखवलं: सहा महिने नुसतं अंगावरचं, मग वरण-भात मऊ करून, वरून तेल, हिरवी भाजी, अंडं, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं, आणि आधी साबणाने हात धुवायचे. एकही चूक नाही. पोषण महिन्यात दरवर्षी हेच सांगतात, ती म्हणाली. "मग चार-पाच वेळा कोण भरवतं?" "मी भट्टीवर असते. सासू बघते. तिला आता दिसत नाही." दिवाळी झाली की तिचं घर वीटभट्टीवर जातं आणि पावसाच्या तोंडावर परततं. तिने मलाच उलट विचारलं, "ताई, तुमच्या पोराला कोण भरवत होतं?" मी काहीतरी बोलून विषय बदलला. त्या प्रश्नाकडे शेवटी येते.

त्या आईकडे माहिती होती. नव्हती ती वेळ, सरपण, पाणी, आणि घरात एखादं मोकळं, धडधाकट माणूस. दीड वर्षाच्या मुलाचं पोट लहान असतं, त्याला थोडं थोडं, पुन्हा पुन्हा भरवावं लागतं. भरवणं हे पाच-पाचदा अर्ध्या तासाचं काम आहे, आणि ज्या घरात प्रत्येक हात मजुरीला गेलेला असतो तिथे त्या कामाला माणूसच उरत नाही. बीडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीत 'कोयता' म्हणजे नवराबायको मिळून एक. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, खाडा झाला की पैसे कापले जातात. त्या फडात उसाच्या पाचटावर झोपवलेल्या बाळाच्या आईला स्तनपानाचं महत्त्व समजावणारं भित्तिपत्रक दाखवायला मला तरी लाज वाटेल.

यावर मुरलेला प्रतिपक्षी दुसरं पान टाकतो: आपल्या लोकांची ठेवणच बारीक, परदेशी मापं लावून उगाच मुलं कुपोषित ठरवता. हा मुद्दा नामांकित अर्थतज्ज्ञांनीही मांडला आहे, तेव्हा तो झटकून टाकता येत नाही. पण त्याची परीक्षा होऊन गेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 1997 ते 2003 या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांत मुलं मोजली. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीच्या सुखवस्तू वस्तीतली होती. आईचं दूध, वेळेवर लसी, स्वच्छ पाणी, धूम्रपान न करणारी आई, एवढ्या गोष्टी सगळीकडे सारख्या राखल्या. ऑस्लो आणि दिल्लीतल्या त्या बाळांची वाढ जवळपास एकसारखी निघाली. त्यातूनच 2006 ची मापं बनली आणि अंगणवाडीतला आजचा तक्ता त्यांच्यावरच बेतलेला आहे. तेव्हा मापं परदेशी म्हणायची सोय उरलेली नाही. ती आपल्याच शेजाऱ्यांच्या मुलांनी घालून दिली आहेत, फक्त ते शेजारी बंगल्यात राहतात.

मग बारीक ठेवण येते कुठून? याचं उत्तर पुण्यातच मिळालं आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा गरोदरपणाच्या आधीपासून मागोवा घेतला. या बायकांचं गरोदरपणापूर्वीचं सरासरी वजन सुमारे 42 किलो होतं. त्यांची बाळं सरासरी 2.7 किलोंची जन्मली. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या ज्या बाळांशी तुलना केली ती 3.5 किलोंची होती. ज्या आयांच्या ताटात पालेभाजी, फळं आणि दूध जास्त वेळा येत होतं त्यांची बाळं भरलेली निघाली. ज्यांच्या वाट्याला गरोदरपणात शेतातलं आणि घरातलं कष्टाचं काम जास्त आलं त्यांची बाळं लहान निघाली. वर आणखी एक: ही बाळं हाडामांसाने बारीक, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून, म्हणजे पुढे मधुमेहाला वाट मोकळी.

या अभ्यासाचा अर्थ नीट पाहा. उत्पन्न आणि प्रतिष्ठा बाळापर्यंत पोचायला त्याच्या जन्माचीही वाट बघत नाहीत. गरोदर सुनेने हंडा आणायचा की नाही, तिने पंगतीत आधी बसायचं की सगळ्यांचं झाल्यावर, दूध तिच्या वाट्याला येतं की डेअरीला जातं, हे घरातला पैसा आणि घरातलं तिचं स्थान ठरवतं. यातली कुठली गोष्ट तिला ठाऊक नसते म्हणून घडते?

आता प्रतिपक्षाचा सर्वांत वजनदार मुद्दा. ते म्हणतात, पैसेवाल्यांचीही मुलं खुजी आहेतच की! हे खरं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, देशातल्या सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्यात वयाच्या मानाने खुजी मुलं 46 टक्के होती आणि सर्वांत वरच्या पाचव्या हिश्श्यात 23 टक्के. वरच्या थरातही दर चौथं-पाचवं मूल खुजं आहे. पण 46 आणि 23 हे आकडे शेजारी ठेवून पैशाने फरक पडत नाही असं म्हणायला बरंच धाडस लागतं. शिवाय वरचा पाचवा हिस्सा म्हणजे दक्षिण दिल्ली नव्हे. हा हिस्सा घरातल्या वस्तू आणि सोयी मोजून ठरतो, त्यात फ्रीज-मोटारसायकलवालं, दहा वर्षांपूर्वी गावाहून आलेलं घरही बसतं. आजी उपाशी वाढली, म्हणून आई चार फूट दहा इंचांवर थांबली, आणि घरात दूध येऊ लागलं ते नातवाच्या वेळी. शरीर पैशामागून येतं, पण एखाद-दुसरी पिढी मागे राहून येतं.

याच सर्वेक्षणात आणखी एक आकडा आहे, आणि माझ्या मते वादाचा निकाल त्यात आहे. सहा ते तेवीस महिन्यांच्या ज्या मुलांना पुरेसा आहार मिळतो, ती देशात अवघी 11 टक्के. ही झाडून सगळी मुलं सुखवस्तू घरांतली धरली, तरी वरच्या थरातल्या कितीतरी घरांतला बाळाचा आहार नापासच ठरतो. म्हणजे बाळाला काय, किती, केव्हा द्यावं यातला गोंधळ वर आणि खाली दोन्हीकडे भरपूर आहे. तरीही खालच्या घरातलं मूल खुजं होण्याचं प्रमाण दुप्पट. चुका दोन्हीकडे होतात, बिल एकीकडेच येतं. अज्ञान ही गरिबांची मिरासदारी नाही. त्या अज्ञानाची किंमत किती मोजावी लागेल, एवढंच उत्पन्न ठरवतं.

या सगळ्यात जातीला विसरून चालणार नाही. त्याच सर्वेक्षणात खुज्या मुलांचं प्रमाण अनुसूचित जमातींत 41 टक्के, अनुसूचित जातींत 39 टक्के आणि 'इतर' गटात 30 टक्के होतं. यातला काही भाग गरिबीचा आहे, सगळा नाही. अंगणवाडी कुठं बांधली जाते? बहुधा गावठाणात. वाडी-पाडा ओढ्यापलीकडे असतो, आणि तीन वर्षांचं मूल पावसाळ्यात ओढा ओलांडून खिचडी खायला जात नाही. नळ आधी कुणाच्या आळीत येतो, नर्सबाई कुणाच्या ओट्यावर टेकते, दवाखान्यात कुणाला 'अगं, थांब तिकडं' ऐकावं लागतं आणि कुणाला 'या, बसा', हे आपल्याला गावात जन्मल्यापासून माहीत असतं. एकदा 'थांब तिकडं' ऐकलेली बाई पुढच्या वेळी मूल तापलं की दोन दिवस उशिरा येते, आणि मग तिच्या केसपेपरवर 'उशिरा आणले' अशी नोंद होते. अज्ञानाचा आणखी एक पुरावा तयार!

यावर कुणी म्हणेल, हे सगळे योगायोगाचे संबंध. जे आईबाप गरीब राहतात तेच मुलांकडे नीट बघत नाहीत, पैसा दिला तरी तेच होणार. हाही मुद्दा तपासून झालेला आहे, आणि तोही एका विलक्षण अपघाताने. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगराळ भागात 1993 पासून 1,420 मुलांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास चालू होता. त्यांतली चौथा हिस्सा मुलं चेरोकी आदिवासी. मधेच चेरोकींच्या जमिनीवर कॅसिनो निघाला आणि नफ्याचा वाटा जमातीतल्या प्रत्येकाला मिळू लागला. लायक-नालायक असं कुणी निवडलं नाही, आईबापांचं शिबिर घेतलं नाही. काही घरं गरिबीच्या रेषेबाहेर आली आणि चार वर्षांत त्यांच्या मुलांमधली आक्रस्ताळी, बेबंद वागणूक कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीवर उतरली. चिंता आणि नैराश्यात मात्र तसा फरक दिसला नाही. आईबाप तेच होते. त्यांना मुलांवर लक्ष ठेवायला उसंत मिळाली होती.

विरुद्ध बाजूचा पुरावाही लपवत नाही. अमेरिकेतच 2018 पासून हजार गरीब मातांपैकी काहींना दरमहा 333 डॉलर आणि काहींना नाममात्र 20 डॉलर दिले गेले. चौथ्या वर्षी दोन्ही गटांतल्या मुलांच्या भाषेत, आकलनात नजरेत भरेल असा फरक सापडला नाही. हा निकाल हाती आल्यापासून 'पैशाने काही होत नाही' म्हणणाऱ्यांना उत्साह आला आहे. पण मधली वर्षं महासाथीची होती आणि तेव्हा तिथलं सरकार सगळ्यांनाच मदत वाटत होतं. शिवाय तिथल्या शहरांत ही रक्कम घरभाड्यातच विरून जाते. थोड्या पैशाने पुरेसं काम झालं नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं. पावसाच्या चार सरींनी विहीर भरली नाही, म्हणून पाण्याचा विहिरीशी संबंध नाही असं आपण म्हणत नाही.

पोट भरल्याने पुढे काय होतं, याचा सर्वांत लांब पल्ल्याचा दाखला ग्वाटेमालाचा आहे. तिथे 1969 ते 1977 या काळात काही गावांतल्या मुलांना प्रथिनयुक्त पेज आणि काहींना नुसतं गोड पेय दिलं. औषधपाणी दोन्हीकडे सारखं. ती मुलं मोठी झाल्यावर पुन्हा शोधून काढली. पहिल्या दोन वर्षांत पेज मिळालेल्या पुरुषांची तासाची कमाई दुसऱ्या गटापेक्षा 46 टक्क्यांनी जास्त भरली. गरिबीने शरीर खुरटतं आणि खुरटलेलं शरीर पुन्हा गरिबी कमावतं, हे चक्र एवढ्या स्वच्छपणे क्वचितच मोजलं गेलं असेल.

म्हणजे शिकवणं फुकट का? मुळीच नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत 1995 ते 1998 या काळात जे केलं ते जगाने उचललं. कुणाचंही उत्पन्न वाढलं नव्हतं, तरी नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी झाले. माझे अधिकारी मित्र म्हणतील, बघा, पैसा न देता झालं! पण तिथे झालं काय? गावातलीच एक बाई शिकवून तयार केली. ती बाळंतपणाला हजर राहायची, नंतरही घरी येऊन बाळाचं वजन करायची, ताप मोजायची, बाळ थंड पडू नये म्हणून उबेची पिशवी द्यायची, आणि जंतुसंसर्ग दिसला तर इंजेक्शन द्यायची. तिच्या कामाचे पैसे संस्था द्यायची. शहरातली सुखवस्तू आई जे विकत घेते, म्हणजे तयार माणूस, औषध आणि वेळेवर लक्ष, तेच या आयांच्या दारात बिनपैशात पोचलं. उपदेशासोबत उपदेश पाळायची साधनं आली, म्हणून तो उपदेश लागू पडला. बाळ जगलं. आता ते वाढावं असं वाटत असेल तर ताटातही काही पडायला हवं.

आणि ताटात आपण काय टाकतो? 2017 मध्ये ठरलेल्या दराने अंगणवाडीतल्या मुलामागे दिवसाला 8 रुपये, तीव्र कुपोषित मुलामागे 12 रुपये. एवढ्यात पाचशे उष्मांक आणि बारा ते पंधरा ग्रॅम प्रथिनं बसवायची. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन संघटित क्षेत्रातल्या नोकरदार बाईला पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, आणि ती मिळायलाच हवी होती. विटा वाहणाऱ्या बाईला मात्र पहिल्या मुलासाठी पाच हजार रुपये, तेही हप्त्याहप्त्याने. दुसरी मुलगी झाली तरच पुन्हा सहा हजार. दोघींचीही बाळं सहा महिने आईच्याच दुधावर वाढायला हवीत, असं सांगणारं भित्तिपत्रक मात्र एकच. आणि हे राज्य देशातलं सर्वांत मोठी अर्थव्यवस्था असलेलं! राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या शेवटच्या दोन फेऱ्यांच्या, म्हणजे चौथ्या आणि पाचव्या फेरीच्या, मधल्या पाच वर्षांत आपली खुजी मुलं 34.4 टक्क्यांवरून 35.2 वर आणि तीव्र लुकडी मुलं 9.4 वरून 10.9 वर गेली. एवढ्या वर्षांत मातामेळावे, प्रभातफेऱ्या आणि पाककृती स्पर्धा काही कमी झाल्या नाहीत.

म्हणून माझं मागणं साधं आहे. गर्भारपणात आणि बाळंतपणानंतर मजूर बाईला बुडणाऱ्या मजुरीएवढे पैसे द्या. राज्याच्या अनुसूचित क्षेत्रात 2015 पासून 'अमृत आहार' योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत गरम चौरस जेवण मिळतं, मुलांना अंडी-केळी मिळतात. ती योजना क्षेत्राबाहेरच्या वाड्या-वस्त्यांवर न्या आणि तिचे दर बाजारभावाशी बांधा. भट्टीवर आणि फडावर पाळणाघर चालवा. मग खुशाल शिकवा. तोवर 'अज्ञान' हा शब्द जरा जपून वापरू या.

आता तो राहिलेला प्रश्न. माझ्या मुलाला कोण भरवत होतं? मी रजेवर होते, पगार चालू होता. रजा संपल्यावर एक मावशी आल्या. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा त्या त्याच्यामागे वाटी घेऊन फिरायच्या. त्यांचं स्वतःचं तान्हं मूल वस्तीत त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीच्या हवाली असायचं. हे मला पुष्कळ महिन्यांनी कळलं, कारण मी विचारलंच नव्हतं. आणि माझ्या ज्ञानाचं म्हणाल, तर मी पदवीधर असून पाचव्या महिन्यातच बाळाला चहात बुडवलेलं बिस्किट चाटवायचे, त्याला आवडतं म्हणून. एकदा जुलाब लागले तेव्हा आजीच्या सांगण्यावरून दूध बंद केलं. अर्ध्या तासाच्या आत डॉक्टरांनी मला दटावलं, दूध पुन्हा सुरू झालं, मूल आठवड्यात बाळसं धरून हसायला लागलं. आज तो सहा फुटांच्या जवळ आहे.

माझ्या घराकडे बोट दाखवून कुणीही कधी 'अज्ञान' म्हटलं नाही. मोखाड्याच्या त्या बाईने यातली एकही चूक केली नव्हती, तरी पट्टी लाल होती.